‘डीएनए जुळला’ असे छापण्याआधी: मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, वृत्तसंकेतस्थळे व वाहिन्यांचे संपादक, तसेच गुन्हे आणि विज्ञान या विषयांवर लिहिणारे वार्ताहर

विषय: मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या बातम्या

सप्रेम नमस्कार.

१८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या जॅक द रिपरचा छडा लागल्याची बातमी २०१४ मध्ये आली, २०१९ मध्ये आली आणि २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा आली. तिन्ही वेळा शाल तीच, संशयित तोच आणि आधार मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा. परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्या आपल्याकडे भाषांतर होऊन येतात, तशी हीही आली: डीएनए जुळला, गूढ उकलले. मी डीएनएच्या क्रमवाचनाचे काम करते आणि तुमची रोजची वाचक आहे. जे त्या डीएनएने कधी सांगितलेच नाही ते त्याच्या तोंडी घातले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे पत्र.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए पेशीच्या केंद्रकात नसतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये तो असतो. लांबी अवघी १६,५६९ अक्षरांची (ए, सी, जी, टी ही डीएनएची चार रासायनिक अक्षरे), पण एकेका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती. मूळ नसलेला केस असो की शतकानुशतके मातीत पडलेले हाड, केंद्रकातला डीएनए नासून गेला तरी हा बऱ्याचदा हाती लागतो. तपासात त्याचे मोल आहे ते यामुळे. मात्र तो फक्त आईकडून येतो, आणि जवळजवळ जसाच्या तसा येतो. माझा, माझ्या भावाचा, आईचा, मावशीचा, मावसभावाचा एकच. आजीच्या आजीच्याही मागे गेले, की ज्यांचे नावगावही मला माहीत नाही अशा कितीतरी माणसांचाही तोच.

त्यामुळे नीट लिहिलेला अहवाल ‘हा डीएनए अमक्याचा आहे’ असे म्हणत नाही. ‘अमक्याला वगळता येत नाही’ असे म्हणतो. पंचनाम्यात आरोपीचे नुसते ‘पाटील’ हे आडनाव मिळावे, तेवढीच ही माहिती. देशमुखांना धरून आणले असेल तर त्यांना सोडून द्यावे लागेल, पण पाटील सापडले म्हणून तेच गुन्हेगार असे कोणी छापणार नाही.

युरोपात ही अडचण चांगलीच जाणवते. आईकडून आईकडे मागे जाणाऱ्या वंशशाखांना, म्हणजे मातृवंशांना, शास्त्रज्ञ अक्षरांची नावे देतात. युरोपीय लोकांपैकी साधारण ४० टक्के लोक ‘एच’ या एकाच मातृवंशातले. बाकीचे बहुतेक यू, के, जे, टी यांत वाटले गेलेले, आणि डब्ल्यू, आय, एक्स थोडेथोडे. त्यात न्यायवैद्यक प्रयोगशाळा कितीतरी वर्षे संपूर्ण क्रम वाचतच नव्हत्या. जास्त बदल होणारे दोन तुकडे तेवढे वाचायच्या: १६०२४ ते १६३६५ आणि ७३ ते ३४०. जेमतेम सहाशे अक्षरे. या दोन तुकड्यांपुरते पाहिले, तर युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वात जास्त आढळणारा नमुना शंभरातल्या जवळपास सात जणांचा असतो. सात टक्के लोकांशी जुळणारा पुरावा कोर्टात किती टिकणार? हीच अडचण ओळखून अमेरिकी सैन्यदलाच्या डीएनए प्रयोगशाळेतल्या मायकेल कोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये युरोपीय लोकांतले असे १८ नेहमीचे नमुने निवडले आणि ते ज्यांच्यात होते अशा २४१ जणांचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल क्रम वाचला. दोन तुकड्यांत सारखी दिसणारी माणसे उरलेल्या क्रमात वेगवेगळी निघू लागली. म्हणजे ‘जुळला’ या शब्दाचा अर्थ किती अक्षरे वाचली यावर ठरतो. बातमीत हा आकडा मी अजून पाहिलेला नाही.

आता त्या शालीकडे येते. ३० सप्टेंबर १८८८ च्या पहाटे लंडनच्या माइटर स्क्वेअरमध्ये कॅथरीन एडोज या बाईचा खून झाला. तिच्या मृतदेहाजवळची म्हणून सांगितली जाणारी शाल रसेल एडवर्ड्स या व्यावसायिकाने २००७ मध्ये लिलावात घेतली. पोलिसांनी त्या रात्री एडोजच्या अंगावरच्या आणि खिशातल्या वस्तूंची यादी केली होती. चहाची डबी, साखरेची डबी, मातीच्या चिलमी, गहाणाच्या पावत्या, इतक्या बारीकसारीक नोंदी तिच्यात आहेत. ही शाल त्या यादीत नाही. डीएनएकडे वळण्याआधीच मुद्देमालाचा हा प्रश्न उभा राहतो, आणि गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या कोणालाही तो सुचायला हवा होता.

एडवर्ड्स यांनी शाल यारी लोउहेलाइनेन या शास्त्रज्ञाकडे दिली. एडोजच्या आणि संशयित मानलेल्या ॲरन कोस्मिन्स्की या पोलंडहून आलेल्या न्हाव्याच्या बहिणीच्या वंशातल्या आजच्या व्यक्तींचे नमुने घेऊन तुलना झाली. २०१४ मध्ये जाहीर झाले, की शालीवर ‘३१४.१सी’ नावाचा एक अत्यंत दुर्मीळ बदल सापडला आहे, तो २ लाख ९० हजारांत एकाला असतो आणि एडोजच्या वंशजातही तो आहे. एवढा मोठा आकडा वाचला की कोणाचाही विश्वास बसेल. काही आठवड्यांतच आकडा कोसळला. तो का कोसळला, हे जरा सविस्तर सांगते.

१९८१ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी माणसाचा पहिला संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल क्रम प्रसिद्ध केला. दुरुस्त करून १९९९ पासून तोच जगभर संदर्भ म्हणून वापरतात. कोणाचाही डीएनए वाचला, की या संदर्भापेक्षा कुठे वेगळा आहे तेवढे नोंदवायचे, अशी रीत. संदर्भात ३०३ पासून पुढे सात सी, मग एक टी, मग पाच सी अशी अक्षरे येतात आणि ३१५ ला ती ओळ संपते. आता गंमत अशी, की टीनंतर पाचच सी असणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक सगळ्या माणसांत तिथे सहा असतात. नमुना म्हणून निवडलेला क्रमच त्या जागी जगावेगळा, त्यामुळे उरलेल्या जगाच्या नावावर ‘एक सी जास्त’ अशी नोंद होते. पण सहा सारख्याच अक्षरांतले जादा कोणते? ते कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून सर्वांनी ठरवून घेतले आहे, की जादा अक्षर ओळीच्या शेवटी, म्हणजे ३१५ नंतर धरायचे आणि ‘३१५.१सी’ असे लिहायचे.

तेच अक्षर कोणी ३१४ नंतर धरले तर क्रमात काहीच बदलत नाही, पण नोंद होते ‘३१४.१सी’. त्या नावाने माहितीसंचात शोधायला गेले तर हाती काही लागत नाही, कारण बाकी सगळ्यांनी ३१५.१ लिहिलेले असते. शालीचे झाले ते हेच. डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक ॲलेक जेफ्रीज, पीटर गिल, मानिस फान ओव्हेन, हान्सी वाइसेनश्टाइनर या डीएनए-तज्ज्ञांनी ही चूक दाखवून दिली. २ लाख ९० हजारांत एकाचा म्हणून जाहीर केलेला बदल युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांत आहे. तुम्ही आणि मी तपासून घेतले तर आपल्यातही बहुधा निघेल.

२०१९ मध्ये याच शालीवरचा शोधनिबंध एका न्यायवैद्यक नियतकालिकात आला आणि बातमीला पुन्हा पंख फुटले. या निबंधात डीएनएची अक्षरे छापलीच नव्हती. त्यांच्या जागी रंगीत चौकटी होत्या, आणि कारण म्हणून ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्याकडे बोट दाखवले होते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे न्यायवैद्यक शास्त्रज्ञ वाल्टर पार्सन यांनी त्यावर स्पष्ट सांगितले, की मायटोकॉन्ड्रियल क्रम छापल्याने कोणाचे खासगीपण धोक्यात येत नाही. ते बरोबरच आहे. असंख्य लोकांत सामायिक असलेल्या गोष्टीने एकटा माणूस उघडा पडेल कसा? आणि या क्रमाने एक माणूस ओळखता येत नाही म्हणून तो छापायला हरकत नसेल, तर त्याच क्रमावरून खुनी ओळखला असे तरी कसे म्हणणार? वर ती शाल किती हातांतून गेली याचा हिशेब नाही. एडोजचे वंशजही तिच्या सान्निध्यात येऊन गेल्याचा आक्षेप आहे. जे नाव छापले ते १९१९ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारलेल्या एका गरीब स्थलांतरिताचे आहे. त्याची बाजू मांडायला कोणी उरलेले नाही, म्हणून आपण त्याला बिनदिक्कत खुनी म्हणू शकत नाही.

या शास्त्राचा उपयोग नाही, असा माझ्या सांगण्याचा अर्थ कृपा करून काढू नका. मला त्याच्याविषयी फार आदर आहे, आणि तो ज्या कामांमुळे आहे त्यांच्या बातम्याही तुमच्याकडे याव्यात असे वाटते.

१९९१ मध्ये येकातेरिनबर्गजवळ नऊ सांगाडे उकरून काढले गेले. ते शेवटचा झार निकोलस, त्याचे कुटुंब आणि सेवक यांचे असावेत असा अंदाज होता. पीटर गिल आणि रशियाचे पावेल इवानोव यांच्या पथकाने १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची आईकडची आजी आणि झारची पत्नी अलेक्झांड्रा या सख्ख्या बहिणी. फिलिप यांनी रक्त दिले, आणि ते अलेक्झांड्रा व तिच्या तीन मुलींच्या हाडांशी जुळले. झारच्या बाबतीत मात्र १६१६९ या जागी एक अक्षर पटेना. त्याच्या हाडांत तिथे सी आणि टी दोन्ही मिसळलेले दिसत होते, मातृवंशातल्या आजच्या नातेवाइकांत फक्त टी. नमुन्यात भेसळ झाली, असे टीकाकार म्हणू लागले. तेव्हा ती टीका झटकून न टाकता झारचा भाऊ गेओर्गी याची सेंट पीटर्सबर्गमधली कबर उघडली गेली. तो १८९९ मध्येच वारला होता. त्याच्याही हाडांत त्याच जागी तेच मिश्रण निघाले. एकाच माणसात दोन प्रकारचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए असू शकतो, आणि या भावांना तो आईकडून आला होता. उरलेल्या दोन मुलांची हाडे २००७ मध्ये जवळच सापडली आणि २००९ मध्ये त्यांचाही निकाल लागला. या सगळ्यात केंद्रकातला डीएनएही तपासला, आई-बाप-मुली हे नाते स्वतंत्रपणे जुळवले आणि अठरा वर्षे शंकांना उत्तरे दिली.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचेही असेच. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सांगाडा सापडला. त्याच्या बहिणीच्या मुलींच्या वंशातला, लंडनमध्ये सुतारकाम करणारा एक माणूस शोधला, त्याचा संपूर्ण क्रम जुळला. युरोपातल्या २६,१२७ जणांच्या नोंदींत तो नमुना एकदाही सापडला नाही. असे असताना संख्याशास्त्र शून्य लिहू देत नाही. एकदाही न सापडलेल्या गोष्टीची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा काढायची सोपी रीत म्हणजे तीनला नमुन्यांच्या संख्येने भागणे. इथे ती येते ८,७०० मध्ये एक. पाच कोटींच्या देशात त्या मर्यादेपर्यंत पाच-सहा हजार माणसे तोच नमुना घेऊन फिरत असू शकतात. म्हणून संशोधकांनी कण्याचा बाक, युद्धातल्या जखमा, हाडांचे वय आणि दफनाची जागा यांचे वजन एकत्र मांडले. पित्याकडून येणारे वाय गुणसूत्र जुळत नव्हते, तेही त्यांनी लपवले नाही.

आणि एक गोष्ट तर आपल्या दारातली आहे. जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ इथे इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून हाल करून मारले. ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चचा उभा राहिलेला उंच मनोरा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच चर्चच्या कोणत्या भागात, कोणत्या खिडकीजवळ त्या ठेवल्या, हे पोर्तुगीज कागदपत्रांत नोंदलेले होते. त्या वर्णनाच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले आणि २००४ मध्ये तिथे हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत कुमारसामी थंगराज, नीरज राय आणि सहकाऱ्यांनी त्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला. मातृवंश निघाला ‘यू१बी’. भारतीय उपखंडातल्या २२ हजारांहून जास्त नमुन्यांत तो कुठेच नव्हता. जॉर्जियातल्या ३० जणांत दोघांचा होता. त्याच चर्चमधल्या आणखी दोन अस्थींचे मातृवंश मात्र भारतात नेहमी आढळणारे निघाले. जुलै २०२१ मध्ये या अस्थींचा एक भाग परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

या प्रकरणातले आकडे पुन्हा वाचून पाहा. गोव्यात सापडलेल्या हाडासाठी यू१बी हा जबरदस्त दुवा ठरला, कारण इथल्या मातीत तो परका आहे. तेच हाड त्बिलिसीत निघाले असते तर? ३० पैकी दोन म्हणजे सुमारे सात टक्के. तिथल्या पंधरा माणसांमागे एकाशी ते जुळले असते. यू१ तर पश्चिम आशियात आणि भूमध्य समुद्राच्या काठीही आढळतो. डीएनए तोच, पण त्याचे वजन कोणत्या लोकांशी ताडून पाहिले यावर बदलले. आणि केतेवान हे नाव त्या हाडाला डीएनएने एकट्याने दिलेले नाही. नाव आले कागदपत्रांतून, त्या खिडकीच्या जागेतून. डीएनएने त्या नोंदीला दुजोरा दिला. मला ही कहाणी रिपरच्या शालीपेक्षा शंभरपट मोलाची वाटते, आणि ती मराठी-कोकणी मुलखातल्या वार्ताहराला बसने जाऊन लिहिता येण्यासारखी आहे.

युरोपीय लोकांचे नमुने मुबलक गोळा झालेले आहेत. इन्सब्रुकच्या न्यायवैद्यक संस्थेतून २००६ पासून चालणारा ‘एमपॉप’ हा माहितीसंच जगभरच्या तज्ज्ञांना खुला आहे. प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांत चुका फार निघू लागल्या, तेव्हा त्यांनी प्रत्येक नोंद तपासूनच घ्यायची शिस्त लावली. पुढे शोधही नोंदीच्या नावावरून न घेता प्रत्यक्ष अक्षरांच्या ओळीवरून घ्यायची सोय केली, त्यामुळे ३१४ की ३१५ हा घोळच उरत नाही. पण भारतात निम्म्याहून जास्त लोक ‘एम’ या मातृवंशाचे, जो युरोपात जवळपास नाहीच. युरोपच्या संचात आपला एखादा नमुना शोधला तर तो विनाकारण दुर्मीळ दिसेल. उद्या आपल्याकडच्या एखाद्या खटल्यात ‘लाखांत एक’ असा आकडा आला, तर लाख कोणते, हे विचारणारा वार्ताहर कोर्टाच्या बाकावर बसलेला असला पाहिजे.

वगळण्याच्या कामात हा डीएनए सर्वात भरवशाचा आहे, आणि नेमक्या त्याच बातम्या तुमच्याकडे सर्वात लहान येतात. १८२८ मध्ये न्यूरेंबर्गला अवतरलेला कास्पर हाउझर हा मुलगा बाडेनच्या राजघराण्याचा पळवलेला वारस आहे, असे दोनशे वर्षे बोलले जात होते. २०२४ मध्ये पार्सन यांच्या पथकाने त्याच्या केसांचा क्रम वाचला. तो निघाला डब्ल्यू वंशातला, बाडेन घराण्याचा वंश वेगळा. बाडेनची कथा तिथे संपली. तो कोण होता हे आजही ठाऊक नाही, आणि संशोधकांनी ते तसेच लिहिले.

माझे मागणे मोठे नाही. अशी बातमी आली की भाषांतराला बसण्याआधी मूळ निबंध उघडून पाहा. संपूर्ण क्रम वाचला की दोन तुकडे, किती जणांच्या आणि कुठल्या लोकांच्या नोंदींशी ताडला, अक्षरे छापली आहेत की नाहीत, आणि डीएनएशिवाय दुसरा पुरावा काय, एवढे त्यात मिळते. मिळत नसेल तर ‘मिळत नाही’ हेच बातमीत लिहा. समजायला अडचण आली तर हैदराबादच्या संस्थेत, पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांत, आपल्या न्यायसहायक प्रयोगशाळांत समजावून सांगणारी माणसे आहेत. एक फोन पुरतो. मथळ्यात ‘जुळला’ऐवजी ‘वगळता आले नाही’ लिहिणे रुक्ष वाटेल, हे मला कळते. तरी तेच लिहा.

आणि ज्या संकेतस्थळांवर ‘जॅक द रिपर अखेर सापडला’ ही बातमी अजून जशीच्या तशी आहे, त्यांनी तिच्या डोक्यावर दोन ओळी घालाव्यात: ज्या बदलाला दुर्मीळ म्हटले होते तो ९९ टक्क्यांहून जास्त युरोपीयांत आढळतो, आणि २०१९ च्या निबंधात मूळ क्रम छापलेला नाही. हे काम आजच्या आज होण्यासारखे आहे.

कळावे,
आपली एक वाचक